केर्लीच्या पुढं, चिंचेखाली

लाइटबिलाच्या पाठीवर मी चार नावं लिहिली
आणि पाचव्याच्या जागी प्रश्नचिन्ह.
प्रश्नचिन्ह म्हणजे कुमुद.
तिची सायकल माळ्यावर,
आणि माळ्याची शिडी थोरल्या दिरांच्या खोलीत.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बैठक बसली.
रविवार ठरला, मोडला.
रेहानाच्या भाच्याचा साखरपुडा,
पुढच्या रविवारी संकष्टी,
त्याच्या पुढच्याला ड्राय डे निघाला कुठल्याशा निवडणुकीचा.
"शनवारी जाऊया की," वसुधा म्हणाली,
"मी काय आता बँकेत जातो व्हय?"
आमच्यात बायका अशाच बोलतात, जातो, येतो, खातो.
माझी पुण्याची सून हसते. हसू दे.

मग रस्ता.
गंगावेस, शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली,
आणि वाघबीळचा चढ लागायच्या आत थांबायचं,
कारण माझा डावा गुडघा त्या चढाला नावानिशी ओळखतो.
ऊस सुरू झालाय.
एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, पुढं गाणं मोठं.
म्हणून एका रांगेत. पुढं रेहाना, तिचा आवाज ट्रॉलीला पुरतो.
सगळ्यात मागं मी,
कुणीतरी डोकी मोजायला पाहिजेत.

"साताला निघू," नलिनी म्हणाली, "ऊन नको."
"साताला निघून साडेआठाला पोचलो,
तर साडेआठाला जेवण कोण देतो गं?"
मग मधे गुऱ्हाळ घातलं.
दोन तास काकवी खायची, चुलवाणापाशी बसायचं,
नलिनीनं आपल्या नातवासाठी गुळाची ढेप घ्यायची
आणि ती कुणाच्या कॅरिअरला बांधायची
यावर आणखी अर्धा तास.

नलिनीला कांदा-बटाटा चालत नाही.
रेहानाला पांढरा-तांबडा चालतो,
पण मटण कुठल्या दुकानातलं, ते ती आत जाऊन विचारणार.
वसुधाला एकच गोष्ट पाहिजे.
घसा खाकरून तिनं ती तीनदा सांगितली:
एक बीअर. गार.
आणि काचेच्या ग्लासात, स्टीलच्या पेल्यात नको.
चौतीस वर्षं परमिट रूमवाल्यांच्या कर्जाच्या फायली
हिनं सही करून पुढं सरकवल्या,
पाटीच्या आत मात्र पाऊल नाही.

फोन करायचं माझ्याकडं आलं.
"फॅमिलीची सोय आहे का?"
"आहे की. जेन्टस किती?"
"जेन्टस नाहीत."
पलीकडं नुसता कढईचा आवाज येत राहिला.
"मग पडद्याची खोली ठेवतो, मावशी.
कुणाच्या नजरंला पडणार नाही तुम्ही."
"अरे बाबा, तेरा किलोमीटर आम्ही
अख्ख्या पन्हाळा रोडच्या नजरंला पडत येणार,
आणि जेवताना कशाला लपायचं?
बाहेर झाड आहे का?"
"चिंच आहे. पण तिथं ड्रायव्हर लोक बसतात."
"बसू देत. शेजारचं टेबल आमचं."
त्यानं विचारलं, नाव काय लावू?
मी म्हणाले, चिंच लाव.

काल रात्री साडेदहाला कुमुद.
इतक्या हळू बोलली की आधी मला वाटलं, कोण गेलं.
"शिडी मिळाली.
दीर जोतिबाला गेल्यात, उद्या दुपारी येणार.
चेन गंजलीय, सीटमधे उंदरानं संसार मांडलाय,
पण घंटी," ती म्हणाली, "ऐक."
आणि फोनपाशी धरून एकदा वाजवली.
पलीकडं कुणीतरी खोकलं,
तशी तिनं घंटी तळव्यात दाबून धरली;
तो दाबलेला आवाजही मला ऐकू आला.

प्रश्नचिन्ह खोडलं, कुमुद लिहिलं.
चार ताटं सांगितलीत, पाच सांगायला हवीत.
पंप रेहानाकडं, पंक्चरचं सामान माझ्याकडं,
बीअरचे पैसे वसुधाचे वसुधा देणार, म्हणते, त्यात वाटणी नको.

बिल उलटून बघितलं
तर भरायची शेवटची तारीख कालच गेली.